ठिणगीची वाट

वसंतातल्या व्याख्यानांचे दिवस आणि वळवाचे दिवस आपल्याकडे एकच. दिवसभर ऊन रखरखते, तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर काळेनिळे ढग उभे राहतात, आणि संध्याकाळी व्याख्यानाला निघालेला माणूस आधी आकाशाकडे पाहतो व मग छत्री घ्यावी की नको याचा विचार करतो. व्याख्यान रंगात आलेले असावे, लांब कुठे तरी वीज चमकावी आणि सगळ्या सभेने एकदम तिकडे मान वळवावी, हा अनुभव बहुतेक वक्त्यांनी घेतलेला असतो. तिच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही हे ओळखून आम्ही या खेपेस तिलाच विषय करण्याचे ठरविले.

मात्र विषयाला आरंभ आकाशातून न करता स्वयंपाकघरातून करू. गॅसची शेगडी पेटवायचा लायटर आता घरोघर असतो. दिवा मालवून, शेगडीपासून दूर, त्याचा खटका एकदा दाबून पाहावा. टोकाशी निळसर रेघ लखकन चमकते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. या लायटरमध्ये ना बॅटरी असते, ना भिंतीतून आलेली तार. आत चिनी मातीच्या जातीचा एक विशिष्ट तुकडा असतो आणि त्याच्यावर स्प्रिंगच्या जोराने एक लहानशी हातोडी आपटते. असा आघात झाला की त्या तुकड्याच्या दोन बाजूंमध्ये हजारो व्होल्टांचा विद्युत्दाब उत्पन्न होतो, आणि टोकाशी असलेल्या चारपाच मिलिमीटरांच्या फटीतून ठिणगी पार होते.

आता प्रश्न असा की, ती पार होते कशी? हवा तर विजेला वाट देत नाही. देत असती तर खांबांवरच्या उघड्या तारांतून आपल्या घरापर्यंत वीज पोहोचलीच नसती. वाटेतच आसमंतात विरून गेली असती. यावर आपण सहज उत्तर देतो की, दाब फार झाला म्हणजे वीज उडी मारते. ‘उडी’ हा शब्द सोयीचा आहे खरा, पण त्यानेच सगळा घोटाळा केला आहे. ओढ्यावरून पोरगे उडी मारते तेव्हा ते मधल्या पाण्याला स्पर्श करीत नाही. ठिणगीचे तसे नाही. ती मधली हवा टाळून जात नाही, तर मधल्या हवेचीच वाट बांधते आणि त्या वाटेने चालत जाते. आधी वाट, मग वीज. ही एक गोष्ट मनात पक्की झाली तर लायटरपासून आभाळातल्या विजेपर्यंत पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. आणि त्यांपैकी काही अशा आहेत की, त्या ठाऊक असण्यानसण्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

वाट बांधायची तर गवंडी कोण आणि सामान कुठले, हे आधी पाहू. एका घन सेंटिमीटर हवेत, म्हणजे साधारण बोराएवढ्या जागेत, 25 वर अठरा शून्ये मांडावीत इतके रेणू असतात. बहुतेक सगळे नायट्रोजनचे आणि ऑक्सिजनचे. प्रत्येक रेणूने आपापले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवलेले असतात, आणि सुटा इलेक्ट्रॉन नाही म्हणून वीज वाहायला वाहनच नाही. हवा रोधक आहे याचा अर्थ एवढाच. परंतु हा बंदोबस्त शंभर टक्के नसतो. जमिनीतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचे आणि अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांचे आघात हवेवर रात्रंदिवस चाललेले असतात, आणि त्यांमुळे जमिनीलगतच्या प्रत्येक घन सेंटिमीटरात दर सेकंदाला दहाएक इलेक्ट्रॉन आपल्या रेणूपासून सुटतात. एरवी हे भटके क्षणार्धात पुन्हा कुठल्या तरी रेणूला जाऊन चिकटतात. कोणाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

आता फटीच्या दोन टोकांना मोठा दाब दिला असे समजू. असा एखादा भटका इलेक्ट्रॉन धन टोकाकडे ओढला जातो आणि धावू लागतो. पण गर्दीतून धावणाऱ्याला चार पावले टाकतो न टाकतो तोच कोणाचा तरी धक्का लागावा, तशी त्याची गत होते. दोन धडकांमधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा धावेत तो पुरेसा वेग घेऊ शकला नाही, तर आपटतो, उसळतो, आणि काही घडत नाही. परंतु दाब वाढवीत गेलो की अशी एक पायरी येते की, त्याची धडक रेणूमधला दुसरा इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी जोरकस होते. आता एकाचे दोन झाले. दोघेही धावतात, दोघेही धडकतात. दोनाचे चार, चाराचे आठ.

घाटात दरड कोसळताना आपण पाहतो. वरचा एक धोंडा सुटतो, तो खालच्या दोघांना हलवितो, ते चौघांना, आणि पाहता पाहता डोंगराची कड खाली येते. हवेत हेच घडते. दुपटीचा हिशेब कसा फसवा असतो ते बुद्धिबळाच्या पटावर धान्याचे दाणे ठेवण्याच्या गोष्टीमुळे आपणां सर्वांना ठाऊक आहे. दहा दुपटींत हजार, वीस दुपटींत दहा लाख, आणि सत्तावीस दुपटींत तेरा कोटींच्या वर. एका भटक्या इलेक्ट्रॉनामागे इतकी सेना उभी राहायला काही मिलिमीटर अंतर पुरते आणि सेकंदाचा दशलक्षांश भागही लागत नाही. या दरडीचा सिद्धान्त 1900 च्या सुमारास जॉन टाउन्सेंड या शास्त्रज्ञाने मांडला. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक होता.

तथापि एवढ्याने ठिणगीचा पुरता उलगडा होईना. टाउन्सेंडच्या हिशेबाने जेवढा वेळ लागावयास हवा, त्यापेक्षा प्रत्यक्ष ठिणगी फार लवकर पार होते असे दिसून आले. 1940 च्या आसपास लोब, मीक आणि रेथर यांनी त्याचे कारण दाखविले. दरडीतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या दहा कोटींच्या घरात गेली की, त्या जमावाचा स्वतःचाच विद्युत् प्रभाव बाहेरून दिलेल्या दाबाच्या तोडीचा होतो. शिवाय धडकांमुळे अतिनील प्रकाश बाहेर पडतो, आणि तो पुढच्या हवेत नवे इलेक्ट्रॉन सोडवितो. म्हणजे दरड कोसळून पुढे पोहोचण्याआधीच पुढच्या कड्यावर नव्या दरडी सुटू लागतात. त्या एकमेकींना मिळतात आणि दोन टोकांच्या मध्ये एक बारीक, चमकता धागा तयार होतो. वाट बांधून झाली ती ही. आता खरा प्रवाह तिच्यातून लोटतो, धागा प्रचंड तापतो, तापलेली हवा एकदम फुगते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. मेघगर्जना म्हणजे याच ‘टक्’चे थोरले रूप.

प्रकाश ठिणगीला मदत करतो ही गोष्ट त्याच्याही आधी एकाच्या नजरेस आलेली होती. 1887 साली जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ एका ठिणगीच्या योगाने दूरच्या दुसऱ्या फटीत बारीकशी ठिणगी उठविण्याचे प्रयोग करीत होता. ती नीट दिसावी म्हणून त्याने दुसऱ्या फटीभोवती अंधारी पेटी घातली, तो काय आश्चर्य, ठिणगी आखूड झाली! पहिल्या ठिणगीचा अतिनील प्रकाश अडला होता आणि धातूतून इलेक्ट्रॉन सोडविणारा मदतनीस नाहीसा झाला होता. हर्ट्झच्या या प्रयोगांतूनच बिनतारी लहरी प्रत्यक्ष सिद्ध झाल्या. आपल्याकडे जगदीशचंद्र बसूंनी 1895 साली कलकत्त्यास ठिणगीच्या लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखविली तीही याच वाटेने. जुन्या रेडिओवर वीज चमकताक्षणी खरखर ऐकू येते, ती आभाळातल्या ठिणगीने धाडलेली बिनतारी लहरच होय.

वाटेला किती दाब लागतो याचे माप आता देतो. साध्या हवेत, गुळगुळीत गोळ्यांमध्ये, एक सेंटिमीटर फट पार करायला सुमारे 30,000 व्होल्ट लागतात. मग वाटते की, फट कमी करीत गेलो तर कितीही थोडा दाब पुरावा. मौज अशी की तसे होत नाही. 1889 साली पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की, फट आणि हवेचा दाब यांच्या गुणाकारावर सगळे अवलंबून असते आणि त्याला एक तळ आहे. फट फारच लहान झाली तर इलेक्ट्रॉनाला धडकायला रेणूच पुरेसे भेटत नाहीत आणि दरड सुरू होत नाही. हवेच्या बाबतीत हा तळ 330 व्होल्टांच्या आसपास आहे. आपल्या घरातल्या 230 व्होल्टांच्या विजेची लाट क्षणोक्षणी सुमारे 325 पर्यंत चढते आणि उतरते. म्हणजे घरातली वीज व्यवहारतः हवेतून आपल्यावर ‘धावून’ येत नाही. धक्का बसतो तो स्पर्शानेच. बटण बंद करताना आत जी ठिणगी दिसते ती वेगळी. तेथे आधीपासून जुळलेला धातू विलग होत असतो, सुटता सुटता तापून त्याची वाफ होते, आणि पंख्यासारख्या वेटोळ्यांच्या उपकरणातला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. तो आपला दाब स्वतःच वाढवून घेतो.

याच नियमाची दोन उदाहरणे आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमध्ये वायू अगदी विरळ केलेला असतो. तेथे इलेक्ट्रॉनाला धावायला लांब मैदान मिळते, म्हणून चोकचा एक झटका मिळताच चार फुटांची वाट तयार होते आणि पुढे घरच्या विजेवर ती चालू राहते. उलट मोटारीच्या स्पार्क प्लगची फट मिलिमीटरभरही नसते. पण दट्ट्याने तिथली हवा दाबून कोंबलेली असते, मैदान तोकडे होते, आणि एवढीशी फट ओलांडायलाही दहा हजार व्होल्टांहून अधिक लागू शकतात.

यातूनच एका गंभीर गोष्टीचा उलगडा होतो. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1,500 व्होल्टांवर. त्या दाबाला हवेतून अर्धा मिलिमीटरसुद्धा ओलांडता येत नाही. 2016 पर्यंत मुंबईच्या लोकलच्या साऱ्या मार्गांवर तो दाब जाऊन 25,000 व्होल्ट आले. या विजेच्या लाटेचे शिखर 35,000 च्या वर जाते, आणि बोटासारख्या किंवा सळईसारख्या टोकापर्यंत ती काही सेंटिमीटर हवेतूनही वाट काढते. एकदा ठिणगी पेटली की तिच्यामागे सबंध वीजकेंद्राचा जोर असतो. उभ्या मालगाडीच्या टपावर चढून छायाचित्र काढायला गेलेली पोरे भाजून मरतात, आणि आईबाप म्हणतात, त्याने तारेला हात लावलाच नव्हता! ते खोटे बोलत नसतात. हात लावण्याची गरजच नव्हती. काही सेंटिमीटरांचा हा धोका असताना रेल्वे आपल्या कामगारांनासुद्धा चालू तारेपासून दोन मीटर दूर ठेवते. ती कडकाई विनाकारण नाही. टपावर उभ्या माणसाचा तोल जातो, हात वर जातो, हातात सळई असते, आणि दोन मीटरांचे काही सेंटिमीटर व्हायला क्षणही लागत नाही.

वर आम्ही ‘गुळगुळीत गोळ्यांमध्ये’ असे मुद्दाम म्हटले. कारण टोकदार वस्तूची गोष्ट निराळी. विद्युद्भार टोकाशी दाटतो आणि तिथल्या हवेवरचा ताण आजूबाजूपेक्षा अनेक पटींनी वाढतो. म्हणून दरडीचा पहिला धोंडा नेहमी टोकाशी सुटतो. चंद्रपूरहून पडघ्याला सुमारे 750 किलोमीटर येणारी 5 लाख व्होल्टांची वाहिनी ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना तिच्या मनोऱ्यांवर बशांसारख्या रोधकांच्या लांबच लांब माळा दिसल्या असतील. वीज आणि लोखंडी मनोरा यांच्यामध्ये वाट तयार होऊ नये म्हणून हे अंतर राखलेले असते. पावसाळी दमट हवेत अशा तारांखाली चुरचुर असा आवाज येतो. ती टोकाटोकांशी सुरू झालेली, पण पुढे न सरकलेली दरड होय.

टोकाचा हा गुण हेरूनच अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने सुचविले की, उंच टोकदार दांडा उभारला तर ढगातली वीज तपासून पाहता येईल. त्याच्या सूचनेप्रमाणे 10 मे 1752 रोजी फ्रान्समध्ये मार्ली या गावी दांड्यातून ठिणग्या काढल्या गेल्या, आणि आभाळातली वीज व घर्षणाने उत्पन्न होणारी वीज एकच हे सिद्ध झाले. आपण मराठीत दोहोंना एकच शब्द वापरतो, त्यामागे हा एवढा इतिहास आहे. पण पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नावाचा प्राध्यापक असाच प्रयोग करीत असताना मरण पावला. त्याने दांडा मोजमापासाठी जमिनीशी न जोडता घरात आणून सोडला होता. वादळ आले, वीज दांड्यात उतरली, आणि तिला पुढची वाट दिलेली नव्हती. तेव्हा तिने दांड्यापासून रिखमानच्या कपाळापर्यंत हवेतून ती काढली. आज देवळाच्या कळसावर वा शाळेच्या इमारतीवर तडितरक्षक बसविताना वरचे टोक सगळे पाहतात, खालची जोड पाहायला मात्र कोणी वाकत नाही. जमिनीशी जोड तुटलेला दांडा रक्षक नव्हे, भक्षक होय.

आता आभाळाकडे येऊ. लायटरच्या हिशेबाने पाहू गेल्यास आभाळातली वीज अशक्य ठरते! सेंटिमीटरला 30,000 व्होल्ट, तर एका किलोमीटरला 300 कोटी. ढगाजवळ इतका दाब नसतो. तो असतो काही कोटींचा. मग दोनतीन किलोमीटर हवा ओलांडली जाते कशी? याचे उत्तर आमच्या पहिल्याच वाक्यात आहे. वीज सबंध अंतर एकदम ओलांडीतच नाही. ढगात कुठे तरी आरंभ झाला की एक तापलेला धागा बाहेर पडतो. हा धागा स्वतः चांगला वाहक असतो, त्यामुळे ढगाचा दाब त्याच्या टोकापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. आता ताण साऱ्या किलोमीटरवर पसरलेला नसतो. तो त्या टोकापुढच्या थोड्याशा हवेवर एकवटतो. तेवढी हवा फुटते, धागा सुमारे पन्नास मीटर पुढे सरकतो, क्षणभर थबकतो, फाटे फोडतो, पुन्हा सरकतो. बोगदा खणणारे मजूर जसे खणलेल्या भागातूनच पुढचे सामान नेतात, तशी ही वाट आपल्याच अंगावरून पुढे बांधली जाते. विजेची रेघ वेडीवाकडी का, हे यावरून ध्यानात येईल. प्रत्येक टप्प्याला तिने जवळचे सोपे तेवढे पाहिलेले असते.

ढगात पहिला धागा सुटतो कसा, हे कोडे मात्र अजून पुरते सुटलेले नाही. फुगे पाठवून मोजलेला ढगातला ताण हवा फोडायला लागणाऱ्या ताणाच्या दशांशाच्या आसपासच भरतो. गारा आणि जलबिंदू यांच्या टोकांचा यात वाटा किती आणि विश्वकिरणांतून सुटलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे.

खरी महत्त्वाची गोष्ट घडते ती शेवटच्या टप्प्यात. तो धागा जमिनीपासून शंभरएक मीटरांवर आला की खालच्या उंच आणि टोकदार वस्तूंवरचा ताण अनावर वाढतो. झाडाच्या शेंड्यातून, कळसातून, मनोऱ्यातून, आणि मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यातूनसुद्धा, वर चढणारे धागे निघतात. त्यांपैकी ज्याची वरच्या धाग्याशी आधी गाठ पडेल, त्या ठिकाणी वाट पुरी होते. मग त्या वाटेने हजारो अँपिअरचा लोंढा जातो, बहुधा तीस हजारांच्या आसपास; हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या अनेक पट, सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापते आणि गडगडाट होतो. त्याच वाटेने पुनःपुन्हा तीनचार लोंढे जातात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. आपण म्हणतो, वीज ‘पडली’. वस्तुतः ती नुसती पडत नाही. खालून कोणी तरी तिला हात देतो.

आपल्याकडे समजूत अशी की, पायाळू माणसावर, म्हणजे जन्मताना जो पायांकडून बाहेर आला त्याच्यावर, वीज पडते. आभाळ भरून आले की पायाळू मुलाला घरात घ्यायचे आणि बाकीच्यांनी शेतात काम चालू ठेवायचे, असे वागणारी घरे आम्ही स्वतः पाहिली आहेत. मुलाला घरात घेतात हे उत्तमच. चूक होते ती बाकीच्यांना बाहेर ठेवण्यात. शेवटच्या शंभर मीटरांत विजेपुढे प्रश्न असतो तो उंचीचा, टोकाचा आणि जमिनीशी असलेल्या जोडीचा. जन्माच्या वेळी कोण कसे आले याची नोंद ढगापाशी नसते. त्याचप्रमाणे खिशातला मोबाइल वीज ओढतो, हाही गैरसमज होय. मोबाइलपेक्षा माळावर ताठ उभे राहणे हे शतपटीने अधिक धोक्याचे.

हा विषय निव्वळ कुतूहलाचा नाही. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत विजेने दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावल्याच्या सरकारी नोंदी आहेत. आपल्या मराठवाड्यात, विदर्भात वळवाच्या आणि परतीच्या पावसात दगावतात ते बहुतेक शेतात काम करणारे आणि गुरांमागे गेलेले. म्हणून आतापर्यंतच्या विवेचनातून निघणाऱ्या चार गोष्टी स्पष्ट सांगतो. गावाकडे ज्यांची माणसे असतील त्यांनी त्या तिकडे जरूर कळवाव्यात.

पहिली गोष्ट, झाडाखाली जाऊ नये. झाड उंच म्हणून तेच विजेला हात देते. पण ओल्या लाकडापेक्षा माणसाचे शरीर अधिक चांगली वाट आहे, म्हणून खोडातून खाली येणारी वीज बाजूच्या माणसात हवेतून शिरते. रिखमानचे झाले तेच. दुसरी गोष्ट, वीज जमिनीत शिरल्यावर संपत नाही, चहूकडे पसरते. दोन पाय फाकलेले असले तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय लांब, म्हणून झाडाखाली एकदम चारचार गुरे मरून पडलेली आढळतात. तेव्हा माळावर अडकलोच आणि दुसरा इलाज नसेल, तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे होऊ नये. हा नाइलाजाचा उपाय आहे, संरक्षण नव्हे. खरे संरक्षण पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत. मोटारीचे लोखंडी टप वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेते. रबरी चाकांचा त्यात काही संबंध नाही. ज्या विजेने किलोमीटरभर हवा ओलांडली, तिला वीतभर रबर काय अडविणार!

तिसरी गोष्ट, लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, आणि पुढची वीज आपल्यापाशी येऊ शकते. त्या वेळी पाऊस पडत नसला तरी घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाची सूचना देणारी सोय मोबाइलवर करून दिली आहे. जवळपास वीज पडत असल्यास ती सावध करते. खिशातला मोबाइल वीज ओढत तर नाहीच, उलट तो जीव वाचवू शकतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहिलेली असते या समजुतीने लोक त्याला शिवत नाहीत. लोंढा क्षणात निघून गेलेला असतो. अंगात काही उरत नाही. पुष्कळदा हृदय आणि श्वास थांबलेले असतात, आणि ताबडतोब छाती दाबून व कृत्रिम श्वास देऊन तो माणूस परत येऊ शकतो. म्हणून त्याला निःशंक हात लावावा, उपचार सुरू करावेत आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरातल्या तारेला चिकटलेल्याची गोष्ट मात्र नेमकी उलट आहे; तेथे आधी मेन स्विच बंद, मग हात. एका ठिकाणी वाट बंद झालेली आहे, दुसऱ्या ठिकाणी ती अजून चालू आहे, एवढा हा फरक.

ज्या लायटरपासून आरंभ केला त्याच्याकडेच शेवटी वळू. त्याच्या टोकाशी चमकणारी ठिणगी आणि माळावर उतरणारी वीज यांत जातीचा भेद नाही. दोन्हींकडे एक भटका इलेक्ट्रॉन, एक दरड आणि एक वाट. लायटरची ठिणगी बोटाला लागली तर आपण हात झटकून हसतो, कारण तिच्यामागे एका हातोडीच्या ठोक्याएवढाच साठा असतो. आभाळाच्या ठिणगीमागे सबंध ढग असतो. ढग अडविणे आपल्या हाती नाही. विश्वकिरणे थांबविणे नाही, पहिला धोंडा सुटू न देणेही नाही. आपल्या हाती आहे ते एकच: वाटेचे दुसरे टोक आपण होऊ नये. आज सभा संपून घरी जाताना आभाळ गडगडू लागले, तर आमचे हे शेवटचे वाक्य आठवावे, आणि वाटेतल्या वडाखाली न थांबता सरळ जवळच्या पक्क्या घरात शिरावे. घर परक्याचे असले तरी हरकत नाही.